प्रवासाच्या क्रेडिट कार्डाची फी : आधी ब्लँक वजा करा

फेलोशिपचा पहिला हप्ता खात्यात जमा झाला की दोन-तीन आठवड्यांत बँकेचा फोन येतो, हे आता ठरूनच गेलंय. या महिन्यात तीन ज्युनिअर्सनी मला जवळपास एकच प्रश्न पाठवला : "ताई, पाच हजार फीचं ट्रॅव्हल कार्ड देतायत. वर्षाला वीस हजारांचे फायदे आहेत म्हणे. घेऊ का?"

एरवी मी इथे शोधनिबंध कसा वाचायचा, पेटच्या मुलाखतीत काय विचारतात, असल्या गोष्टी लिहिते. पण हा प्रश्न मला संशोधनाच्या तयारीसाठी फार सोयीचा वाटला. त्यात एक दावा आहे, तो मोजता येतो, आणि मोजताना चुका करायला भरपूर जागा आहे. शिवाय पैसे तुमचे आहेत. जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पाच हजार फीवर १८ टक्के जीएसटी धरला की होतात ५,९००. म्हणजे एका महिन्याच्या फेलोशिपचा जवळजवळ सहावा हिस्सा, कार्ड एकदाही न वापरता गेलेला.

माझं काम खाडीच्या पाण्यातल्या पोषकद्रव्यांवर आहे. पाण्यातलं फॉस्फेट मोजताना नमुन्यात रसायनं घालतो, निळा रंग येतो, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ८८० नॅनोमीटरला तो रंग किती प्रकाश शोषतो ते बघतो. समजा आकडा आला ०.१२०. हा आकडा कुणी थेट वहीत फॉस्फेट म्हणून लिहिला तर गाईड वही परत देतील. कारण नुसत्या शुद्ध पाण्यात तीच रसायनं घातली तरी काहीतरी आकडा येतोच. तो ब्लँक. समजा तो ०.०४५ आला, तर तुमच्या नमुन्याचं खरं योगदान ०.०७५ एवढंच.

बँकेच्या पत्रकातले "वीस हजारांचे फायदे" हा ब्लँक वजा न केलेला आकडा आहे. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : कार्ड नसतं तरी तुम्हाला मिळालंच असतं ते, आणि कार्ड नसतं तर तुम्ही ज्यावर एक रुपयाही खर्च केला नसता ते. दोन्ही काढून टाकायचं. उरेल ती कार्डाची कमाई.

आता ब्लँक म्हणजे नेमकं काय धरायचं? इथे बहुतेकांची गल्लत होते. जयगडवरून समोर तवसाळला जायला फेरीबोट आहे, गाडीसकट चढता येतं. त्या फेरीचं मोल किती, असं विचारलं तर "फेरी नसती तर खाडी पोहून जावी लागली असती" असं उत्तर कुणी देणार नाही. फेरी नसती तर आपण वर राई-भातगावच्या पुलावरून वळसा घातला असता. म्हणजे फेरीचं मोल त्या वळशाच्या पेट्रोलाएवढं आणि वेळेएवढं. तुलना करायची ती हाताशी असलेल्या दुसऱ्या बऱ्यातल्या बऱ्या पर्यायाशी. "काहीच नाही" याच्याशी तुलना केली की कुठलीही गोष्ट महाग वाटते आणि म्हणून फायद्याची वाटते. कार्डाच्या बाबतीत दुसरा बरा पर्याय म्हणजे फी नसलेलं साधं कार्ड. अशी कार्डं मिळतात, आणि फेलोशिपला बँक पगार मानत नसेल तर मुदत ठेवीवरही मिळतात.

चला, हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

पत्रकातली सगळ्यात मोठी ओळ असते विमानतळावरच्या लाउंजची. वर्षाला आठ भेटी, प्रत्येकी हजार रुपये, झाले आठ हजार. आता ब्लँक. लाउंज नसता तर तुम्ही विमानतळावर काय केलं असतं? डब्यातली पोळी-भाजी खाल्ली असती आणि एक महागडा चहा घेतला असता. फार तर एखादा सँडविच. म्हणजे अडीचशे रुपये वाचले. हजाराची किंमत लाउंजवाल्याने लावलेली आहे, तुम्ही ती कधीच मोजली नसती. आणि आठ भेटी होणार कुठून? माझ्यासारखीचा प्रवास म्हणजे मुंबई ते रत्नागिरी कोकण रेल्वे आणि पुढे जयगडपर्यंत एसटी. रत्नागिरीच्या विमानतळावरून हे लिहिताना नियमित प्रवासी विमानसेवा नाही. वर्षातून एखादी परिषद लांब असली तर विमान, तेही गाईडने प्रकल्पातून परवानगी दिली तर. हल्ली अनेक कार्डांवर लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केलेला असावा लागतो, ही अट बारीक अक्षरात असते. ज्या तिमाहीत फेलोशिप रखडली त्या तिमाहीत तुमचा खर्च होणार नाही, आणि पुढच्या तिमाहीत लाउंजही नाही.

मग पॉइंट्स. समजा साधं कार्ड खर्चाच्या १ टक्का परत देतं आणि फीवालं २ टक्के. तर फीवाल्याचं योगदान १ टक्का, २ नव्हे. बारा हजारांच्या विमान तिकिटावर १२० रुपये.

आता एका विमानवारीचा, म्हणजे जाऊन-येऊनचा, फायदा काढा : दोन लाउंज भेटींचे पाचशे आणि पॉइंट्सचे एकशेवीस, मिळून ६२०. फी ५,९००. भागाकार केला तर साडेनऊ येतो, म्हणजे फी वसूल व्हायला वर्षाला दहा वाऱ्या हव्यात. आता हाच भागाकार लाउंजची किंमत हजार धरून करा. एका वारीचा फायदा २,१२०, आणि तीन वाऱ्यांत फी वसूल!

हा फरक नीट बघा. दहाच्या तीन वाऱ्या झाल्या त्या एकाच गृहीतकामुळे. लाउंज तुमच्यासाठी किती रुपयांचा, एवढ्या एका आकड्यावर सगळा निष्कर्ष लटकलेला आहे. संशोधनात याला संवेदनशीलता तपासणं म्हणतात. निकाल लिहायच्या आधी एकेक गृहीतक थोडं हलवून बघायचं आणि निकाल कशाने उलटतो ते शोधायचं. ज्या आकड्याने उलटतो त्याच्यावर सगळा वेळ घालवायचा. बाकीचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक काढण्यात काही अर्थ नाही. थिसिसच्या पहिल्या वर्षात मुलं नेमकी उलट मेहनत करतात असं मी बघते.

परदेशातल्या परिषदेला जाणार असाल तर आणखी एक ओळ येते. परकी चलनातल्या व्यवहारावर बहुतेक कार्डं ३.५ टक्के मार्कअप लावतात, वर त्या मार्कअपवर जीएसटी. एक लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. प्रीमियम कार्डावर मार्कअप २ टक्के असेल तर २,३६०. वाचले १,७७०. ही खरी बचत आहे, कारण नोंदणी फी आणि राहण्याचा खर्च तुम्ही करणारच होता. पण परत तीच फेरीबोट : वार्षिक फी नाही आणि परकी चलनाचा मार्कअपही नाही, अशी कार्डं भारतात मिळतात. त्यांच्याशी तुलना केली की १,७७० चं योगदान शून्याखाली जातं.

पॉइंट या एककाबद्दल थोडं. आपण मोजमापाच्या शास्त्रातली माणसं, एकक न विचारता आकडा घेऊ नये. एचडीएफसीच्या इन्फिनिया या वरच्या दर्जाच्या कार्डाचं उदाहरण घ्या. फी साडेबारा हजार अधिक जीएसटी. त्याचा एक पॉइंट बँकेच्या पोर्टलवरून विमान किंवा हॉटेल घेताना एक रुपयाचा धरला जातो, आणि तोच पॉइंट बिलातून वजा करून घेतला तर तीस पैशांचा. एकच पॉइंट, तिप्पट फरक. अशा अटी बदलत राहतात, ताजा आकडा बँकेच्या पानावर बघा. पण पद्धत अशीच असते. आणि आपल्यासाठी यात एक खास अडचण आहे. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २०२२ मध्ये सरकारी खर्चाच्या विमान तिकिटांसाठी बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच एजंटांकडून बुकिंग करायला सांगितलं. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या अनेक संस्था आणि प्रकल्प हाच नियम लावतात. म्हणजे जास्तीचे पॉइंट ज्या पोर्टलवर मिळतात, तिथून तुम्ही परिषदेचं तिकीट काढलंत तर बिल मंजूर होणार नाही. पत्रकातले "पाचपट पॉइंट" तुमच्या सगळ्यात मोठ्या खर्चाला लागूच नाहीत.

"पण ताई, पुढच्या वर्षी मी खूप फिरणार आहे." हे वाक्यही तिघांपैकी दोघांनी लिहिलं. यावर एक सुंदर अभ्यास आहे. स्टेफानो देलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये तो छापला. नावच आहे "जिमला न जाण्यासाठी पैसे भरणे". त्यांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांचे ७,७५२ सभासद तीन वर्षं बघितले. महिन्याला सत्तर डॉलरपेक्षा जास्त भरणारी माणसं महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होती. म्हणजे दर खेपेला सतराहून जास्त डॉलर पडत होते. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप दहा डॉलरला पडली असती.

अभ्यासाची रचना बघा, आवडेल तुम्हाला. लोकांना "तुम्ही किती वेळा जिमला जाता?" असं नुसतं विचारून ते थांबले नाहीत. हजेरीची नोंद घेतली, कराराची नोंद घेतली, दोन्ही जुळवल्या. माणूस काय करीन म्हणतो आणि काय करतो, यातलं अंतर त्यातून दिसलं. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की पुढच्या वर्षीच्या वाऱ्यांचा अंदाज मनातून काढू नका. मागच्या बारा महिन्यांची तिकिटं मोबाइलमध्ये आहेत, ती मोजा. पुढच्या वर्षी खरंच काही वेगळं होणार असेल, म्हणजे परिषदेने निबंध स्वीकारल्याचं पत्र आलंय आणि पैशांची मंजुरीही आलीय, तर ती एक वारी वाढवा. पत्र नसेल तर नको.

"युट्यूबवर एक जण वर्षाला लाखभर काढतो कार्डातून" हेही मला पाठवलं गेलं. काढत असेल. पण तो व्हिडिओ कोण करतो? ज्याला फायदा झाला तो. ज्याने फी भरली आणि वर्षात एकदा लाउंजमध्ये उपमा खाल्ला, तो व्हिडिओ करत नाही. शिवाय वर्णनातल्या लिंकवरून कार्ड घेतलं की अनेकदा सांगणाऱ्याला मोबदला मिळतो. नमुना निवडतानाच झुकलेला असेल तर तो कितीही मोठा असून उपयोग नाही.

आता मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते ती गोष्ट, आणि ती पत्रकात कुठेच नसते. संशोधक विद्यार्थ्याच्या प्रवासाचा पैसा बहुतेक वेळा उलटा वाहतो. आधी खर्च तुम्ही करायचा, मग बोर्डिंग पास, बिलं, उपस्थितीचं प्रमाणपत्र जोडून फाइल लावायची, मग ती टेबलाटेबलावरून फिरते आणि यथावकाश पैसे येतात. कार्डाचा बिनव्याजी काळ मात्र व्यवहाराच्या तारखेनुसार फार तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांचा. समजा परदेशी तिकीट आणि नोंदणीचे ८०,००० कार्डावर टाकले आणि परतावा यायला बिनव्याजी काळ संपून चार महिने गेले. पूर्ण बिल भरता आलं नाही तर व्याज महिन्याला साधारण ३.५ टक्के, वर्षाचे ४२. चक्रवाढ सोडून दिली तरी चार महिन्यांचं व्याज ११,२०० रुपये, त्यावर जीएसटी २,०१६. एकूण १३,२१६. आठ वर्षांत कमावलेले पॉइंट इथे एका फाइलपायी जातील.

"मिनिमम ड्यू भरत राहीन" हा त्यावरचा उपाय नाही. मिनिमम भरल्याने तुमची नोंद थकबाकीदार म्हणून होत नाही इतकंच. व्याज व्यवहाराच्या तारखेपासून लागतं, आणि बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरचा बिनव्याजी काळही जातो. म्हणजे त्या महिन्यातलं मेसचं बिलसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजावर.

त्यामुळे कार्ड निवडण्याआधी लेखा विभागात जाऊन एक प्रश्न विचारा : प्रवासासाठी अग्रिम मिळतो का, आणि मागच्या वर्षी गेलेल्यांची बिलं किती दिवसांत निघाली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखा विभागापेक्षा तुमचे सिनिअर खरं सांगतील. अग्रिम मिळत असेल तर उत्तम. नसेल तर परिषदेच्या आयोजकांना विद्यार्थी सवलतीबद्दल लिहा, गाईडच्या प्रकल्पातून थेट तिकीट निघतं का बघा. यातलं काही जमलं तर जे वाचेल ते कुठल्याही कार्डाच्या फायद्याहून मोठं असेल.

आधीच कार्ड घेऊन बसलेल्यांसाठी आणखी एक अभ्यास. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर, १९८५. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्या पहिल्या साठ जणांना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तिकिटं दिली : काहींना पूर्ण किमतीत, काहींना थोड्या सवलतीत, काहींना मोठ्या सवलतीत. लोक खिडकीशी तिकीट घ्यायला आलेलेच होते, त्यामुळे "ज्याला नाटकाची आवड जास्त त्याने जास्त पैसे दिले" ही पळवाट बंद झाली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत भरलेले जास्त नाटकांना आले. नाटक तेच, खुर्ची तीच. फरक फक्त आधीच गेलेल्या पैशांचा. दुसऱ्या अर्ध्यात तो परिणाम विरून गेला.

फी भरलेला माणूस असाच वागतो. लाउंज "वसूल" करायला विमानाच्या चार तास आधी विमानतळ गाठतो. फी माफ व्हायला थोडा खर्च कमी पडतोय म्हणून मार्चमध्ये नको असलेला हेडफोन घेतो. वर्षाच्या मधे फी गेलेली असते, ती परत येणार नाही. तेव्हा प्रत्येक खर्च त्याच्या स्वतःच्या गुणावर तोलायचा. पण नूतनीकरणाच्या वेळी पुढच्या वर्षीची फी अजून खिशात असते. तेव्हा तोच जुना हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि तेव्हा मात्र लोक "एवढी वर्षं आहे, राहू दे" म्हणतात. नेमकं उलटं!

शिवाय अटी मधेच बदलतात. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० पॉइंट मिळायचे, आणि अनेकांनी फक्त तेवढ्यासाठी ते घेतलं होतं. १ सप्टेंबर २०२३ पासून ती सोय गेली आणि फी दहा हजारांवरून साडेबारा हजार झाली. म्हणून तीन वर्षांचा फायदा एकदम मांडून दाखवणाऱ्या तक्त्यावर मी विश्वास ठेवत नाही. एका वर्षापलीकडचा आकडा हा अंदाजाचाही अंदाज.

मग अशी कार्डं कुणाच्याच कामाची नाहीत का? आहेत की. आमच्या इथल्या जिंदलच्या प्रकल्पात एखादा अभियंता असेल, महिन्यातून दोनदा मुंबईहून दिल्लीला जाणारा, तिकीट स्वतः काढून कंपनीकडून पंधरा दिवसांत पैसे घेणारा, दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा. त्याच्या चोवीस वाऱ्या दहाच्या खूप वर आहेत. आणि लाउंजमधल्या निवांत दोन तासांत तो खरंच काम उरकत असेल, तर त्याच्यासाठी लाउंज अडीचशेचा नसून पाचशेचाही असू शकतो. पोस्टडॉकला गेल्यावर तुमचंही गणित असं होऊ शकेल. तेव्हा परत मांडा.

तिघांना मी जे उत्तर पाठवलं ते असं : वर्षाला एक-दोन वाऱ्या असतील तर फी नसलेलं कार्ड घ्या, बाहेरगावी जाणार असाल तर मार्कअप नसलेलं बघा, आणि बिल खात्यातून आपोआप पूर्ण भरलं जाईल अशी सूचना लावून ठेवा. त्यातल्या एकीने फोनवर "हो" म्हणून टाकलं होतं आणि कार्ड घरी आलंय. तिच्यासाठी, आणि नूतनीकरण जवळ आलेल्यांसाठी : रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची असते, आणि उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. विनंती फोनवर केलीत तरी ईमेलही करा, तारीख वहीत लिहा, आणि उरलेले पॉइंट त्याआधी वापरून घ्या.